एक मीटर एकतीस सेंटिमीटरची खुकरी

आमच्या गॅलरीत गेली तीन वर्षं एक बोट बांधली जातेय हे आता नातेवाइकांत कुणापासूनच लपलेलं नाही. भाचे मंडळींनी तिला 'मामाचं टायटॅनिक' असं नाव ठेवलं. बायकोने कुंड्या हलवल्या, वाळत घालायच्या दोरीची दिशा बदलली आणि फार काही बोलली नाही, हे तिचे उपकार. ती बोट जानेवारीत एकदाची पाण्यात उतरली. 'कशी झाली?' असं बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं आणि मी प्रत्येकाला 'छान झाली' एवढंच सांगितलं. खरं तर फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात दीवला झाली. २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही तिकडे गेलो होतो. किल्ला पाहून झाला, चर्च पाहून झालं, मग रिक्षावाल्याने आम्हाला समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका टेकाडावर नेलं. तिथे काचेच्या घरात एका युद्धनौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. आयएनएस खुकरी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना घेऊन. लोक काचेला टेकून फोटो काढत होते. मीही काढला. पण मला राहून राहून वाटत होतं की इतकी नेटकी बोट आणि काचेत! तिच्या पलीकडे समुद्र आहे आणि ती हलत नाही.

माझं त्या नावाशी जुनं नातं आहे. ७१ साली मी आठ वर्षांचा होतो. लालबागला आमची चाळ, दहा बाय बाराची खोली, खिडकीच्या काचांना तपकिरी कागद चिकटवलेला. भोंगा वाजला की दिवे बंद. आमचे धाकटे काका तेव्हा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये फिटर होते. लायन गेटमधून आत जाणारा आमच्या घरातला एकमेव माणूस, त्यामुळे चाळीतल्या पोरांत माझा भाव वधारलेला. कराचीवर क्षेपणास्त्रं टाकली त्या बातमीने सगळी चाळ नाचली होती. आणि मग दोन-चार दिवसांनी काका घरी आले, जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपले. आईने आम्हाला बाहेर पिटाळलं. का ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

तर दीवहून परत आल्यावर मी ठरवलं की खुकरी बांधायची, आणि रेडिओवर चालणारी बांधायची. काकांना फोन केला. वाटलं खूष होतील. ते म्हणाले, "बुडालेल्या बोटीचं खेळणं करणार? काय कमी बोटी आहेत?" आणि फोन काकूकडे दिला.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी पाण्याखाली वेगाने पळणाऱ्या पाणबुड्या काढल्या होत्या. युद्धानंतर ते तंत्र रशियाच्या हाती गेलं आणि ब्रिटिशांची झोप उडाली. त्यांनी पाणबुड्या मारणारी एक उत्तम फ्रिगेट आखली, पण ती इतकी महाग पडायला लागली की हव्या तितक्या बांधणं परवडेना. मग काटकसरीचा मार्ग निघाला : तेच काम करणारी, पण निम्म्या आकाराच्या आसपासची, एकाच पंख्यावर चालणारी फ्रिगेट. मोठी तोफ नाही, चैन नाही. ही ब्लॅकवुड जात. पाणबुडीविरोधी शस्त्र म्हणून दोन 'लिंबो' मॉर्टर (नाव ऐकून आमच्या भाचीने सरबत मागितलं होतं), प्रत्येकाला तीन नळ्या, मारा जेमतेम ९०० मीटरपर्यंत. विमानांसाठी ४० मिलिमीटरच्या तीन बोफर्स तोफा. बास. स्वतंत्र झाल्यावर भारताला नौदल उभं करायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते, त्यामुळे आपल्याला ही काटकसर मानवली. खुकरी, कृपाण आणि कुठार अशा तीन बहिणी आपण ब्रिटनमध्ये बांधून घेतल्या. खुकरी आइल ऑफ वाइट बेटावरच्या काऊज गावी १९५६ मध्ये पाण्यात उतरली आणि १९५८ मध्ये नौदलात आली. लांबी ३१० फूट, रुंदी ३३ फूट. म्हणजे किती सडपातळ ते बघा. लांबी रुंदीच्या नऊपटीहून जास्त.

हा सडपातळपणा मॉडेल करणाऱ्याच्या मुळावर येतो. सगळ्यात आधी प्रमाण ठरवावं लागतं. मी प्रथम १:९६ धरलं होतं, कारण ते गॅलरीत मावतं. लांबी सुमारे ९८ सेंटिमीटर. मग वजनाचा हिशोब केला आणि हबकलो. लांबी ९६ पटीने कमी होते, पण वजन ९६ गुणिले ९६ गुणिले ९६ पटीने कमी होतं, म्हणजे जवळजवळ नऊ लाख पटीने. पूर्ण भरलेल्या खुकरीचं वजन होतं साधारण १,४५० टन. नऊ लाखाने भागलं की उरतात एक किलो सहाशे-सातशे ग्रॅम. त्यात बोटीचा सांगाडा, मोटर, बॅटरी, रेडिओ, रंग, सगळं बसवायचं. वजन त्याहून जास्त झालं तर बोट खोल बसते, आणि त्यातलं बरंचसं वर असलं तर कलंडते. १:७२ धरलं की लांबी होते १३१ सेंटिमीटर, रुंदी १४, आणि वजन चार किलोपर्यंत चालतं. बायकोची दोरी तेव्हाच सरकली.

सांगाडा चार मिलिमीटर प्लायवूडचा, त्यावर बल्साच्या पट्ट्या, त्यावर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन. हे सगळं लिहायला एक ओळ लागते आणि करायला दीड वर्ष. रेझिनच्या वासाने शेजारच्या आजोबांनी सोसायटीत तक्रार केली, ती रास्तच होती. डेकवरची सगळी बांधणी अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची केली, कारण वर जितकं हलकं तितकं बरं. पण मोह सुटत नाही हो. कठड्यासाठी पितळेची तार वापरली. दिसायला इतकी सुंदर! आणि त्या सौंदर्याने नंतर दगा दिला.

मोटर साधी, बॅटरी ६ व्होल्टची सीलबंद, इमर्जन्सी लाइटमध्ये असते तशी. ती लोक जड म्हणून टाळतात, मला जडच हवी होती. अगदी तळाशी ठेवली. तरी वजन कमी पडलं, तेव्हा ससून डॉकला जाऊन जाळ्याला लावायची शिसं आणली. कोळीणबाईंनी विचारलं, "जालं कवरं मोठं हाय?" म्हटलं जाळं नाही, बोट आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावर एक वेगळा लेख होईल. असो.

रेडिओवर चालणारी बोट ही काही आजची गोष्ट नाही. १८९८ साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात बिनतारेची बोट चालवून दाखवली होती. रेडिओवर धड बोलणंही सुरू झालं नव्हतं तेव्हा! टेस्लाच्या डोक्यात ते खेळणं नव्हतंच. माणूस न बसवता शत्रूवर सोडायचं ते शस्त्र होतं, एक प्रकारचा पाणतीरच. अमेरिकन नौदलाने फारसा रस घेतला नाही. पुढे १९२० च्या दशकात ब्रिटिशांनी 'सेंच्युरियन' नावाची आख्खी जुनी युद्धनौका रेडिओवर चालवली, दुसऱ्या जहाजातून, आणि तिच्यावर तोफांचा सराव केला. म्हणजे आधी शस्त्र, मग निशाणा, आणि सगळ्यात शेवटी आमच्यासारख्या निवृत्त माणसांचा रविवार. मी हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, टॉर्पेडोच निघाला शेवटी." विषय बदलला.

आता ती रात्र. याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याबद्दल असतं, आणि ते योग्यच आहे. बोट बुडत असताना त्यांनी लोकांना बाहेर ढकललं, आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि स्वतः ब्रिजवर राहिले, असं वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या आठवणींचं एक आख्खं पुस्तक केलंय, जरूर वाचा. पण मला छळणारा प्रश्न दुसरा आहे : पाणबुडी मारायला बांधलेली बोट पाणबुडीला कशी सापडली?

पाकिस्तानची 'हंगोर' ही पाणबुडी आपल्या किनाऱ्याजवळ फिरतेय याचा सुगावा नौदलाला तिच्या रेडिओ संदेशांवरून लागला होता. तिला शोधायला चौदावं फ्रिगेट स्क्वॉड्रन पाठवलं, म्हणजे या तीन बहिणी. त्यातली कुठार नादुरुस्त होती, म्हणून गेल्या दोघीच. हंगोर होती फ्रान्समध्ये बांधलेली दाफ्ने जातीची, तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. तिचा सोनार कितीतरी लांबून ऐकू शकत होता. आमच्या पोरींचा सोनार पन्नासच्या दशकातला. तो थोडा अधिक लांबचं ऐकेल अशी एक सुधारणा खुकरीवर करून बघत होते, आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता, कारण वेगाने जाणाऱ्या बोटीला स्वतःच्याच आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. सुमारे १२ नॉट. हंगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांनी रात्री नवाच्या आधी पहिला पाणतीर कृपाणवर सोडला, तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीवर. खुकरी दोनेक मिनिटांत गेली. तिसरा पुन्हा कृपाणवर सोडला, ती वेगाने निसटली. वाचलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी 'कच्छल'ने उचललं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेली ही पहिली युद्धनौका.

हळू का चालवली यावर पुढे बरंच लिहिलं गेलं. व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानी यांनी नौदलाचा जो इतिहास लिहिला त्यातही त्याची चर्चा आहे. माझ्यासारख्या बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने त्यात मत द्यावं असं नाही. तरी देतो. मला वाटतं, जुन्या कानांनी नव्या शत्रूला शोधायला पाठवलं की माणूस कान टवकारतोच, आणि कान टवकारायला थांबावं लागतं. चूक शोधायचीच तर ती त्या रात्रीच्या ब्रिजवर शोधू नये, आधीच्या दहा वर्षांच्या जमाखर्चात शोधावी.

हे मत मी काकांपुढे मांडलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट वळून बसले. ते म्हणाले, "आम्ही तिचे पाइप बदलायचो. तेच पाइप परत बदलायचो. नवा मिळायचा नाही." मग बोट बघायला यायचं कबूल केलं. एका अटीवर, तिच्यावर नंबर घालायचा नाही. खुकरीचा नंबर एफ १४९. काकांचं म्हणणं, हवा तर कृपाणचा एफ १४४ घाल, ती तरी घरी आली, दोघी सारख्याच होत्या. मला ते पटेना. तीन वर्षं मी कृपाण बांधत नव्हतो. पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद कोण घालणार? दोन्ही कुशी कोऱ्या ठेवल्या.

९ डिसेंबर मुद्दाम टाळला. जानेवारीतला रविवार, सकाळची साडेसात. गावाबाहेरचं तळं, वारा नाही, एका कडेला जलपर्णी. चुलतभाऊ काकांना गाडीतून घेऊन आला, खुर्ची काठावर मांडली, गुडघ्यावर शाल. मी बोट पाण्यात ठेवली आणि ती अगदी रंगवलेल्या रेषेवर बसली. मंडळी, त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही, ज्याने कधी काही बांधलंय त्याला ते माहीत आहे.

मॉडेलचा वेगही मोजून ठरवायचा असतो. खऱ्या बोटीचा वेग भागिले प्रमाणाचं वर्गमूळ. ७२ चं वर्गमूळ साडेआठच्या आसपास. असं केलं की पाण्यावर उठणारी लाट खऱ्यासारखी दिसते, नाहीतर बोट पळणाऱ्या पाणकोंबडीसारखी दिसते. खुकरीचा पूर्ण वेग साधारण २७ नॉट, म्हणजे माझ्या बोटीने दहा मीटर अंतर सहा सेकंदांत कापायचं. काठावर दहा मीटरवर दोन काठ्या रोवल्या होत्या, भावाच्या हातात घड्याळ. सहा सेकंदांत गेली. नाकाशी पांढरी मिशी, मागे फेसाची रेघ, काय दिसत होती! मग मी वेग १२ नॉटच्या हिशोबावर आणला. भाऊ मोजत राहिला, दहा, अकरा, बारा. चौदा सेकंद लागले. मिशी गेली, फेस गेला. शतपावली करणारा माणूस तिच्या पुढे गेला असता.

घरी हे गणित कागदावर करताना मला आणखी एक गोष्ट कळली होती, ती मी तिथे कुणाला बोललो नाही. मॉडेलमध्ये वेळही त्याच वर्गमुळाने लहान होते. दोन मिनिटांचे होतात चौदा सेकंद. म्हणजे खुकरी बुडायला जो वेळ लागला तो माझ्या प्रमाणात दोन काठ्यांमधला तोच वेळ. भाऊ मोजत होता आणि मी ऐकत होतो.

मग मी आगाऊपणा केला. पूर्ण वेगात वळवून दाखवावी म्हणून सुकाणू पूर्ण फिरवलं. पितळेचे कठडे, वरचा मास्ट, सगळं वजन बाहेरच्या बाजूला झुकलं. या बोटीचा पुढचा भाग उंच, मागचा डेक पाण्यापासून अगदी बुटका. त्या डेकवरून पाणी आलं, मागच्या झाकणाच्या फटीतून आत गेलं. बोट सरळ व्हायला हवी होती, झाली नाही. आत शिरलेलं वाटीभर पाणी ज्या बाजूला झुकेल तिकडे धावत होतं आणि बोटीला तिकडेच ओढत होतं. ती काठापासून पंधरा मीटरवर. माझे हात थरथरायला लागले. मी सुकाणू उलट फिरवायला लागलो.

"वळवू नको!"

काका उभे राहिले होते. शाल खाली पडली होती.

"वळवू नको म्हणतो ना. वळवलंस तर पाणी पलीकडे धावेल आणि ती उलटेल. वेग काढ. सगळा नाही, थोडा ठेव. आता सरळ आण. हळू. हळू रे."

ती कलंडलेलीच, एका कुशीवर, सरळ रेषेत आली. शेवटच्या दोन मीटरवर जलपर्णी पंख्यात अडकली आणि मोटर थांबली. भाऊ चपलांसकट गुडघाभर पाण्यात गेला आणि तिला उचलून घेऊन आला, तान्हं मूल आणतात तशी, दोन्ही हातांवर.

झाकण काढून पाणी ओतून दिलं. रेडिओचा रिसीव्हर वर चिकटवलेला होता म्हणून वाचला. मी पंख्यातली मुळं सोडवत होतो. काका खाली वाकून आत बघत होते, बॅटरी, मोटर, दांडा. बराच वेळ बघून त्यांनी बोटाने मधली जागा दाखवली, जिथे माझी बॅटरी होती तिथे.

"बॉयलर रूम इथे. माझा एक पान्हा राहिलाय तिच्यात. शेवटच्या वेळी काम केलं तेव्हा प्लेटच्या मागे पडला. म्हटलं पुढच्या खेपेला काढू. स्टोअरने पगारातून पैसे कापले त्याचे."

मी काही बोललो नाही. भाऊही नाही. त्याने हे कधी ऐकलेलं नव्हतं.

मग काकांनी रिमोट मागितला. चष्मा पुसला. मी झाकणाला ग्रीस लावून, वर चिकटपट्टी मारून बोट पुन्हा पाण्यात सोडली. त्यांनी ती पंधरा-वीस मिनिटं चालवली, काठाला धरून, त्याच दोन काठ्यांमधून इकडून तिकडे. वेग वाढवला नाही. फिरण्यासाठी मोठा वळसा घ्यायचे, खऱ्या बोटीला घेतात तसा. काठावर दोन-तीन पोरं जमली होती. त्यातल्या एकाने विचारलं, "आजोबा, गोळ्या मारते का ही?" काका म्हणाले, "हिच्याकडे मोठी तोफच नव्हती."

परत निघताना त्यांनी बोटीच्या कोऱ्या कुशीवरून अंगठा फिरवला. तिथे रंगाखाली मी पेन्सिलने नंबर आखून ठेवला होता, उन्हात तिरकं पाहिलं तर दिसायचा. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार.

"आकडे लहान काढलेस," ते म्हणाले. "मोठे होते. लांबून दिसायचे."

पितळेचे कठडे काढलेत, आता नायलॉनचा दोरा ओवतोय. मागच्या झाकणाला रबराची वळी बसवलीय. आणि आकडे पुन्हा आखतोय, या वेळी मोठे.